बजेटमध्ये शाळेचा पैसा ‘मंजूर’ झाला म्हणजे नेमकं काय झालं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. तुम्ही गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहात. अधिवेशन संपल्यावर आमदारांचा मेसेज आला की बजेटमध्ये शिक्षणासाठी भरीव तरतूद झाली, विधेयक पास झालं, आपल्याकडच्या वर्गखोल्या मंजूर झाल्या आणि विनाअनुदानित शाळांचा अनुदानाचा पुढचा टप्पा पण मार्गी लागला. याला आता चार-पाच महिने झाले, शाळेची गळकी खोली तशीच आहे आणि गटशिक्षणाधिकारी म्हणतात आमच्याकडे काहीच आलेलं नाही. मग आमदार खोटं बोलले का, पैसे मधेच कुठे अडकले का, आणि आमदारांना भेटून विचारायचं तरी काय.

मी २२ वर्षं आमदारांचा स्वीय सहायक म्हणून काम केलंय, दोन वेगळ्या पक्षांच्या दोन आमदारांकडे. असे मेसेज, पत्रकं, कार्य अहवाल मीच लिहायचो, आमदार निवासातल्या खोलीत रात्री उशिरापर्यंत बसून, कारण सकाळी मतदारसंघात ते जायला पाहिजे असायचं. तर अनुभवावरून सांगतो, बहुतेक वेळा आमदार खोटं बोललेले नसतात आणि पैसे पण कुणी खाल्लेले नसतात. ‘मंजूर’ हा एकच शब्द आम्ही पाच-सहा वेगवेगळ्या पायऱ्यांसाठी वापरतो, सगळी भानगड तिथे आहे. भाषणात घोषणा झाली तरी मंजूर, पुस्तकात आकडा आला तरी मंजूर, सभागृहात हात वर झाले तरी मंजूर, आमदारांनी शिफारशीचं पत्र दिलं तरी मंजूर. आणि तुमच्या दृष्टीने मंजूर म्हणजे खात्यात जमा, जे बरोबरच आहे.

पहिल्यांदा ते ‘विधेयक पास झालं’ म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे शाळांच्या पैशाचं असं वेगळं विधेयक नसतं. मार्चच्या अधिवेशनात अर्थमंत्री अंदाजपत्रक मांडतात, मग प्रत्येक खात्याच्या मागण्या सभागृहापुढे येतात, म्हणजे शालेय शिक्षण खातं म्हणतं आम्हाला अमुक कामासाठी अमुक रक्कम द्या, त्यावर चर्चा होते, मतदान होतं, आणि सगळ्या खात्यांच्या मागण्या झाल्या की शेवटी एकच विनियोजन विधेयक येतं. हे विधेयक म्हणजे राज्याच्या तिजोरीतून पैसे काढायची परवानगी. त्याच्या अनुसूचीत नुसते मागणी क्रमांक आणि दोन रकाने असतात, दत्तमत (ज्यावर मतदान होतं तो खर्च) आणि भारित (ज्याला मतदान लागत नाही तो). तुमच्या तालुक्याचं नाव त्यात नसतं, शाळेचं तर प्रश्नच नाही. २०२५-२६ चं बजेट १० मार्च २०२५ ला अजित पवारांनी मांडलं ते साधारण ७ लाख कोटींचं होतं आणि त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवलेली होती. आता एवढ्या मोठ्या आकड्यात आपल्या गावची खोली शोधायची म्हणजे कुठे शोधणार? म्हणून ‘विधेयक पास झालं’ हे वाक्य खरं असतं पण त्यातून तुमच्या शाळेला काय मिळालं याचं उत्तर निघत नाही.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते आणि आम्ही कार्यालयातले लोक पण ती सांगत नाही. आमदार बजेटमधली रक्कम वाढवू शकत नाही. राज्यघटनेच्या कलम २०३ मध्ये स्पष्ट आहे, मागणी राज्यपालांच्या शिफारशीनेच येते म्हणजे सरकारकडूनच येते, आणि विधानसभा ती मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवायचं काही नाही. त्यामुळे ‘मी आपल्या शाळांसाठी बजेटमध्ये इतके कोटी वाढवून घेतले’ असं कुणी लिहिलं तर त्याचा अर्थ एवढाच की त्यांनी मंत्र्यांकडे, सचिवांकडे पाठपुरावा केला आणि सरकारने आकडा मांडायच्या आधीच तो बसवला. ते काम खरंच अवघड असतं, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे, पण ते होतं डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा खाती आपापले अंदाज वित्त विभागाला देतात आणि तिथे कापाकापी होते. मार्चमध्ये सभागृहात भाषण केलं तोवर गाडी सुटलेली असते. मग आमदाराकडे उरतं काय तर कपात सूचना. नाव ऐकून लोकांना वाटतं हे शाळेचे पैसे कापायला निघाले की काय, पण ती पद्धत आहे, मागणीत शंभर रुपयांची कपात सुचवायची आणि त्या निमित्ताने आपल्या भागाचा प्रश्न मांडायचा. आमच्या साहेबांनी एका वर्षी शिक्षणाच्या मागणीवर अशी सूचना दिली तर गावात विरोधकांनी पसरवलं की आमदारांनी शाळांचा निधी कमी करायला सांगितला, दोन आठवडे फोन घेत होतो मी नुसते. तुमच्या आमदारांच्या नावावर कपात सूचना दिसली तर चिडू नका, उलट कशाबद्दल दिली ते विचारा.

आणि एक, शिक्षक मतदारसंघाचे आमदार. लोक म्हणतात शाळेचा पैसा आहे तर शिक्षक आमदारांनाच गाठा. जरूर गाठा, ७ शिक्षक आमदार आहेत विधान परिषदेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना शाळेच्या अनुदानाचं बारीकसारीक माहिती असतं, अगदी जीआरच्या (शासन निर्णयांच्या) तारखा तोंडपाठ असतात. पण मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं. विनियोजन विधेयक हे धन विधेयक असतं, ते परिषदेकडे जातं ते जास्तीत जास्त १४ दिवसांसाठी, त्यांनी सूचना केल्या तरी त्या मानायच्या की नाही ते विधानसभा ठरवते. म्हणजे मत तुमच्या विधानसभेच्या आमदाराचं आणि बहुतेक वेळा अभ्यास शिक्षक आमदाराचा. दोघांना एकाच पत्रात घालून भेटा, दोघांकडे वेगवेगळं गेलात तर दोन वेगळी उत्तरं घेऊन याल.

आता पुस्तकात आकडा आला इथून पुढे बघा. शिक्षणाचा खर्च मुख्यतः २२०२ सामान्य शिक्षण या लेखाशीर्षाखाली (म्हणजे खर्चाच्या शीर्षकाखाली, आम्ही त्याला हेड म्हणतो) असतो आणि बांधकामासारखा भांडवली खर्च ४२०२ खाली. २२०२ मधला बहुतेक पैसा पगाराचा आहे. तिथे उद्दिष्ट म्हणून ‘३६ सहायक अनुदान, वेतन’ लिहिलेलं असतं आणि ‘३१’ म्हणजे वेतनेतर. जेव्हा मेसेजमध्ये ‘शिक्षणासाठी हजारो कोटी’ येतं तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा, यात पगार किती आणि पगाराच्या बाहेरचं किती. शिक्षकांचा पगार वेळेवर होणं महत्त्वाचंच आहे, शिक्षक नसला तर खोलीचं काय करायचं, पण तुमच्या गळक्या छताचा पैसा त्या हजारो कोटींमध्ये नसतो. तो वेगळ्या वाटेने येतो, त्यावर पुढे लिहितो कारण तुमचं मुख्य दुखणं ते आहे. पुस्तकातले आकडे हजारात असतात हे पण लक्षात ठेवा, पानावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, तीन शून्यं चुकली की कोटीचे दहा हजार होतात. आणि कधी कधी एखाद्या योजनेपुढे नुसते हजार रुपये दिसतात. ती टोकन तरतूद. म्हणजे नवीन हेड उघडून ठेवलंय, पैसे नंतर पुरवणी मागणीत (वर्षाच्या मधे सरकार सभागृहाकडे जादा पैसे मागतं त्यात) टाकू किंवा दुसरीकडून वळवू. आमदार खुशीत सांगतात योजनेला तरतूद झाली, खोटं काही नाही त्यात, पण पैसा यायला अजून एक अधिवेशन तरी जायचं असतं.

बजेट पास झालं तरी सगळे पैसे खर्चायला मिळतातच असं पण नाही. सगळ्यांना आठवेल असं उदाहरण देतो. मार्च २०२० मध्ये बजेट रीतसर पास झालं, मग लॉकडाऊन आलं आणि ४ मे २०२० ला वित्त विभागाने जीआर काढला की विकासकामांच्या तरतुदीतले ३३ टक्केच त्या वर्षी मिळतील. विधेयक तेच, कायदा तोच, एक जीआर आला आणि दोन तृतीयांश पैसा थांबला. तेव्हा परिस्थितीच तशी होती, मी त्याबद्दल तक्रार करत नाही, पण एरवीसुद्धा वित्त विभाग पैसे टप्प्याटप्प्यानेच सोडतो. तो पैसा बीम्स नावाच्या सिस्टीमवर खात्याला दिसतो, खातं संचालकांना देतं, ते जिल्ह्याला देतात. आमच्या भाषेत याला ‘निधी वितरण’ म्हणतात आणि त्याचा वेगळा जीआर किंवा आदेश निघतो. गटशिक्षणाधिकारी जेव्हा म्हणतात ‘काही आलेलं नाही’ तेव्हा त्यांना हे वितरण म्हणायचं असतं. ते पण खरं बोलतायत, आमदार पण खरं बोलतायत.

आता विनाअनुदानित शाळांचा टप्पा. तुमच्या गावात खाजगी हायस्कूल आहे म्हणालात म्हणून लिहितो, आणि हा विषय माझ्या मनाला फार लागलेला आहे कारण या शाळांमधल्या शिक्षकांना मी माझ्या टेबलासमोर रडताना बघितलंय, वीस-वीस वर्षं शिकवून हातात पूर्ण पगार नाही. या शाळा आधी ‘कायम विनाअनुदानित’ होत्या, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मागायचं नाही या अटीवरच्या. २००९ मध्ये तो ‘कायम’ शब्द काढला, मग मूल्यांकन, मग २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान सुरू झालं आणि पुढे वीस-वीस टक्क्यांनी वाढवत न्यायचं असं ठरलं. १४ ऑक्टोबर २०२४ ला पुढच्या २० टक्के टप्प्याचा जीआर निघाला. निवडणूक तोंडावर होती, गावोगावी अभिनंदनाचे फलक लागले. पण त्या जीआरसोबत पैशाची तरतूद नव्हती. मार्च २०२५ चं बजेट झालं, ३० जूनला पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, शिक्षकांनी त्यात आपलं हेड शोधलं आणि या टप्प्याचे पैसे त्यात पण नव्हते. म्हणून ८ आणि ९ जुलैला हजारो शिक्षक पावसात आझाद मैदानात बसले, विरोधी पक्षाचे मोठे नेते तिथे गेले, सरकारच्या वतीने मंत्री गेले, मग कुठे पैशाचा निर्णय पुढे सरकला. ऑक्टोबरमध्ये ज्या आमदाराने ‘टप्पा मंजूर’ असं लिहिलं त्याच्याकडे दाखवायला जीआर होता. पण त्याने पुढचं एक वाक्य लिहायला पाहिजे होतं की अजून तरतूद झालेली नाही, पुरवणी मागणीची वाट बघावी लागेल. एवढं एक वाक्य असतं तर लोकांनी त्या पगाराच्या भरवशावर कर्ज काढली नसती, मुलीचं लग्न ठरवलं नसतं. मी ओळखतो अशा माणसांना.

याच्या जोडीला हे पण समजून घ्या की टप्पा मिळाला तरी तो शाळेला नुसताच मिळत नाही, मंजूर पदांवर मिळतो, आणि पदं ठरतात संच मान्यतेतून, म्हणजे पटाप्रमाणे शाळेला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या सरकारी मान्यतेतून. संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि तो पट आता आधार पडताळणी झालेला लागतो. मुलगा रोज शाळेत येतो पण आधारवर नावात ‘श’ चा ‘स’ झालाय म्हणून तो मोजणीत नाही, असे दोन-चार पोरं कमी पडले की एक पद जातं आणि पदाबरोबर त्याचा पगार जातो. यात विधिमंडळाचा काही संबंध नाही, हे काम जुलै-ऑगस्टमध्ये शाळेतच व्हायला पाहिजे. समितीने शिक्षकांना यात मदत करा, पालकांना आधार केंद्रावर पाठवा, गरज पडली तर तुम्ही स्वतः गाडी करून पोरांना घेऊन जा. आमदारांच्या दहा पत्रांपेक्षा त्याने जास्त पैसे वाचतात.

शाळांबद्दलची विधेयकं पण असतात ना मग, असं कुणीतरी म्हणेलच. असतात, पण ती पैशाची असतात असं नाही. २०१२ चा स्वयं-अर्थसहाय्यित शाळांचा कायदा घ्या, त्याखाली शाळा काढली की सरकार अनुदान देणार नाही हे आधीच ठरलेलं. २०२० मध्ये मराठी सक्तीने शिकवायचा कायदा झाला, दोन्ही सभागृहात कौतुकाने मंजूर झाला, मी गॅलरीत बसून ऐकलाय, चांगला कायदा आहे, पण त्याने शाळेच्या खात्यात रुपया येत नाही. उलट काही कायदे पैसे द्यायचं बंधन घालतात आणि किती ते जीआर ठरवतो. शिक्षणहक्क कायद्यातले खाजगी शाळांमधले गरीब मुलांचे २५ टक्के प्रवेश बघा. त्या मुलांच्या फीची भरपाई सरकारने शाळेला द्यायची, दर होता वर्षाला १७,६७० रुपये, कोविडच्या २०२०-२१ ला तो ८,००० केला. कायद्यातलं एक अक्षर बदललं नाही आणि रक्कम निम्म्याच्या खाली आली. म्हणून मी म्हणतो, विधेयकाचं नाव ऐकून थांबू नका, त्याच्या मागचा जीआर आणि त्याच्या मागचं वितरण बघा.

आता तुमची खोली. जिल्हा परिषदेच्या शाळेला बांधकामाचा पैसा चार-पाच ठिकाणहून येऊ शकतो. समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची योजना, ज्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. जिल्हा वार्षिक योजना, जी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीत ठरते. जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस, म्हणजे उपकराचा पैसा. ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा पैसा, छोट्या दुरुस्तीला. आणि आमदारांचा स्थानिक विकास निधी, जो वर्षाला ५ कोटी आहे, पण पूर्ण मतदारसंघाचे रस्ते, सभामंडप, पाण्याच्या टाक्या, सगळं त्यातच. ‘वर्गखोल्या मंजूर’ या मेसेजचा अर्थ यातलं काहीही असू शकतो आणि प्रत्येकाची फाइल वेगळ्या टेबलावर असते. तुम्ही चुकीच्या टेबलावर सहा महिने चकरा मारत बसाल, असे लोक मी रोज बघायचो.

एक प्रसंग सांगतो. एक मुख्याध्यापक, रिटायर व्हायला वर्षच राहिलेलं, आमच्या मेसेजची प्रिंट काढून चार घड्या घालून शर्टाच्या खिशात घेऊन आले. ‘मंजूर’ शब्दाखाली निळ्या पेनाने दोन रेघा मारलेल्या. मला म्हणाले, “साहेब हेड कुठलं आहे, किती तारखेपर्यंत जमा होईल? मी पालकांना सांगून ठेवलंय, दिवाळीनंतर पोरं नव्या खोलीत बसतील.” मी फाइल काढली तर आमच्याकडून फक्त शिफारशीचं पत्र गेलेलं होतं. त्यावर जिल्हा नियोजन कार्यालयाने जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडून खोलीच्या खर्चाचं अंदाजपत्रक मागवलेलं, आणि शाखा अभियंता जागेवर जाऊन परत आलेला, कारण जुनी खोली अजून उभी होती आणि नवीन बांधायला दुसरी जागाच नव्हती. जुनी पाडायची तर निर्लेखन लागतं, म्हणजे ती खोली धोकादायक आहे, वापरातून काढली असा जिल्हा परिषदेचा आदेश. तो प्रस्ताव कुणी पाठवलाच नव्हता. मुख्याध्यापकांना वाटलं आमदारांचं ऑफिस करेल, आम्हाला वाटलं शाळा करेल, पंचायत समितीला वाटलं मागणीच आलेली नाही. मार्च संपला, त्या वर्षीचं ते काम यादीतून गेलं. ते गुरुजी रिटायर झाले तेव्हा पोरं तिसरी-चौथी एकाच खोलीत बसत होती. त्या दिवसापासून मी ‘मंजूर’ हा शब्द एकटा लिहिणं बंद केलं. ‘शिफारस केली’, ‘प्रशासकीय मान्यता मिळाली’ (म्हणजे काम करायला सरकारी होकार), ‘कार्यारंभ आदेश झाला’ (म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला सांगितलं), जे झालं असेल तेच लिहायचो, खाली तारीख. साहेबांना सुरुवातीला आवडलं नाही, म्हणाले हे फार कोरडं वाटतं. पण पुढे लोक ऑफिसला येऊन भांडायचे कमी झाले आणि कागद घेऊन यायचे जास्त झाले, मग त्यांना पण पटलं.

तर तुम्ही आमदारांकडे जाल तेव्हा ‘पैसे कधी येणार’ असं विचारू नका, त्याला ‘लवकरच’ हेच उत्तर मिळतं. विचारा की आमच्या शाळेचं काम कुठल्या योजनेतून आहे आणि आत्ता कुठल्या पायरीवर आहे. यादीत नाव असेल तर यादीची झेरॉक्स मागा. प्रशासकीय मान्यता झाली असेल तर आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागा. राज्यस्तरावरचा निर्णय असेल तर जीआर मागा, प्रत्येक जीआरवर लांबलचक आकडी सांकेतांक असतो, तो सरकारच्या वेबसाइटवर टाकला की पूर्ण जीआर उघडतो, मोबाइलवर पण. आणि जीआरचा शेवट वाचा. शेवटी लेखाशीर्ष आणि ‘उपलब्ध तरतुदीतून खर्च करावा’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर पैसा आधीच कुठेतरी आहे. ‘तरतूद स्वतंत्रपणे करण्यात येईल’ असं काही असेल तर पुढच्या पुरवणी मागण्यांपर्यंत थांबावं लागणार, म्हणजे जुलै किंवा मग नागपूरचं डिसेंबरचं अधिवेशन. आमदारांना त्यासाठी आत्ताच पत्र द्या. अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेलं पत्र फक्त उत्तर देण्यापुरतं उपयोगाचं असतं, पुरवणी मागणीत नाव बसायला ते आधी खात्यात पोचायला लागतं.

प्रश्न विधिमंडळात लावायला सांगायचा असेल तर तो नेमका द्या. ‘शाळांची दुरवस्था’ असा प्रश्न दिला की उत्तर येतं ‘हे अंशतः खरे आहे, कार्यवाही सुरू आहे’. त्याऐवजी तालुक्यात निर्लेखन झालेल्या खोल्या किती, त्यातल्या किती ठिकाणी नवीन बांधकामाला मान्यता दिली, मान्यता देऊन निधी वितरित न झालेली कामं किती आणि कारण काय, असं विचारायला सांगा. खात्याला मग जिल्ह्यातून माहिती मागवावी लागते, आणि ती मागवतानाच बऱ्याच फाइली हलतात. लेखी उत्तर आलं की ते जपून ठेवा, सभागृहाला दिलेल्या उत्तराला वजन असतं.

छोट्या पैशाबद्दल पण एक सांगायचं राहिलं. समग्र शिक्षेचं संयुक्त शाळा अनुदान तुमच्या समितीच्या हातात असतं, पटाप्रमाणे ठरतं, ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, असं. हे पैसे आता प्रत्यक्ष बँक खात्यात पडून राहत नाहीत, त्या खात्याला खर्चाची लिमिट येते आणि तेवढंच काढता येतं. वर्ष संपलं की न वापरलेली लिमिट परत जाते. बऱ्याचदा ती उशिरा येते, मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापकांची पळापळ होते. म्हणून समितीचा ठराव आधीच करून ठेवा की आले तर कशावर खर्च करायचे, कोटेशन घेऊन ठेवा. छतावर तात्पुरते पत्रे टाकायचं काम याच्यात बसतं का ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, तोंडी नको.

आणि तुमच्या केसमध्ये मी असतो तर सोमवारी सगळ्यात आधी पंचायत समितीत गेलो असतो, आमदारांकडे नंतर. तुमच्या मेसेजवरून मला वाटतंय की जुनी खोली अजून रेकॉर्डवर ‘वापरात’ असणार, कारण तुम्ही लिहिलंय पावसात तिथेच दुसरीचा वर्ग बसतो. खोली वापरात दिसतेय तोवर नवी मागायला आधार नाही. समितीचा ठराव, खोलीचे आतून-बाहेरून फोटो, शाळेच्या जागेचा ग्रामपंचायत नमुना आठचा उतारा, आणि बांधकाम उपविभागाकडे खोली तपासून अहवाल द्यावा असा अर्ज, एवढं घेऊन जा आणि आवक शिक्का मारलेली प्रत परत घ्या. निर्लेखनाचा प्रस्ताव पुढे गेला की त्याची प्रत आमदारांना द्या आणि त्याच भेटीत यादी मागा. आणि खोली पडायला आलेली असेल तर दुसरीच्या पोरांना उद्यापासूनच दुसरीकडे बसवा, समाजमंदिरात, देवळाच्या सभामंडपात, जिथे जमेल तिथे, आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.